जुनं गाणं कोण लावतं?

लता मंगेशकरांचं नाव ज्याला माहीत आहे, त्याला त्यांची गाणी फोनवर क्षणात मिळतात. पण माणिक वर्मा, गजानन वाटवे, जी. एन. जोशी ही नावंच ज्याच्या कानावर कधी पडलेली नाहीत, तो ती शोधणार कशी? शोधायला आधी ठाऊक असावं लागतं. रेडिओनं ही अडचण फार पूर्वी सोडवली होती. श्रोत्यानं न मागितलेलं गाणं त्याला ऐकवायचं, ते कुणाचं हे सांगायचं आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा यायचं. इंटरनेटवरचा रेडिओ आज काही ठिकाणी हे काम फार चांगलं करतो. काही ठिकाणी करत नाही, आणि त्याचीही कारणं आहेत.

## कोलंबोहून येणारी सकाळ

१९५२ साली बाळकृष्ण केसकर माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले आणि आकाशवाणीवरचा चित्रपटगीतांचा वेळ आक्रसू लागला. गाण्यासोबत चित्रपटाचं नाव घेणं म्हणजे जाहिरात, असं ठरवून तेही थांबलं. निर्माते बिथरले आणि त्यांनी आपली गाणी प्रसारित करण्याची परवानगी काढून घेतली. केसकरांची शास्त्रीय संगीताविषयीची तळमळ खरी होती. संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम त्याच वर्षी सुरू झाला, आणि त्यातून देशभरच्या श्रोत्यांना मोठमोठे गवई घरबसल्या ऐकायला मिळाले. हे श्रेय त्यांना द्यायलाच हवं. पण चित्रपटगीतांवर जीव असणाऱ्यांनी रेडिओ बंद केला नाही. त्यांनी काटा फिरवला.

काटा थांबला तो रेडिओ सिलोनवर. दुसऱ्या महायुद्धात दोस्तराष्ट्रांच्या सैन्यासाठी कोलंबोत शॉर्टवेव्हचं एक ताकदवान केंद्र उभारलं गेलं होतं. युद्धानंतर ते सिलोनच्या नभोवाणीकडे आलं. ३ डिसेंबर १९५२ रोजी त्यावरून ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. अमीन सयानी मुंबईत कार्यक्रम ध्वनिमुद्रित करत, टेप विमानानं कोलंबोला जाई आणि तिथून निघालेला आवाज समुद्र ओलांडून सांगली-अकोल्यापर्यंत परत येई. गाणं मुंबईचं, निवेदक मुंबईचा, श्रोता महाराष्ट्रातला आणि प्रक्षेपण परदेशातून! आज सर्व्हर कुठल्याही देशात असतो याचं आपल्याला नवल वाटत नाही. आपल्या आजी-आजोबांनाही ते नवं नव्हतं.

सिलोनची खरी थोरवी मला गीतमालेपेक्षा सकाळच्या अर्ध्या तासात दिसते. साडेसात ते आठ जुन्या चित्रपटांतली गाणी लागत आणि शेवटचं गाणं कुंदनलाल सैगल यांचं असे. सैगल जानेवारी १९४७मध्येच गेले होते. म्हणजे त्यांच्या निधनानंतर जन्मलेली कितीतरी मुलं शाळेचं दप्तर भरताना रोज सैगल ऐकत होती. त्यांनी तो निवडला नव्हता. आठ वाजत आले, की तो येत असे. एका पिढीचं गाणं दुसरीकडे जातं ते असं, रोजच्या वेळापत्रकात बसून.

३ ऑक्टोबर १९५७ रोजी आकाशवाणीनं ‘विविध भारती’ सुरू केली. कवी नरेंद्र शर्मा यांनी तिला नाव दिलं आणि रूपही. ‘भूले बिसरे गीत’, फौजी बांधवांसाठीची ‘जयमाला’, रात्रीचं ‘छायागीत’ यांनी सिलोनकडे गेलेला श्रोता हळूहळू परत आणला. हीच वाहिनी आता इंटरनेटवरून ऐकता येते. आकाशवाणीच्या ‘न्यूज ऑन एअर’ या ॲपवर दोनशेहून अधिक केंद्रं आणि सेवा थेट लागतात; प्रसार भारतीनं नोव्हेंबर २०२४मध्ये गोव्यातल्या चित्रपट महोत्सवात सुरू केलेल्या ‘वेव्ह्ज’ या ॲपवरही रेडिओ आहे.

## लहर आणि धारा

आकाशवाणीचा मनोरा एकच लहर सोडतो आणि तिच्या पट्ट्यात कितीही संच लावले तरी मनोऱ्याचा खर्च वाढत नाही. इंटरनेटवर तसं नसतं. तिथे प्रत्येक श्रोत्यासाठी सर्व्हरला वेगळी धारा सोडावी लागते. ध्वनी आधी दाबून लहान केला जातो, त्याचे तुकडे होतात, ते तुकडे श्रोत्याच्या फोनपर्यंत जातात आणि फोन काही सेकंदांचा साठा करून मग वाजवायला लागतो. या साठ्यामुळे थेट प्रसारणही मागे पडतं. बातम्यांआधीच्या ठोक्यांवर घड्याळ लावायची ज्यांना सवय आहे, त्यांनी ॲपवरच्या ठोक्यांवर ते लावू नये.

हिशेब सोपा आहे. सेकंदाला १२८ किलोबिट या दरानं तासभर ऐकलं तर साधारण ५८ एमबी डेटा जातो, ६४ किलोबिटनं २९ एमबी. जुनी गाणी मुळात मोनो असल्यामुळे त्यांना कमी दरही पुरतो. श्रोत्याला हे स्वस्त आहे. चालवणाऱ्याचं पाहा: ६४ किलोबिटनं हजार माणसं तासभर ऐकत असतील तर सर्व्हरमधून जवळपास २९ जीबी बाहेर पडतात. लोकप्रियता वाढली की बिल वाढतं. लहान हौशी केंद्रं भरात असतानाच बंद पडतात, त्याचं एक कारण हे आहे.

नेहमीच्या रेडिओ केंद्रांपैकी इंटरनेटवर आधी आलेलं नाव अमेरिकेतल्या उत्तर कॅरोलायनातल्या चॅपल हिलचं. तिथल्या विद्यापीठातलं डब्ल्यूएक्सवायसी हे विद्यार्थी-केंद्र ७ नोव्हेंबर १९९४ रोजी आपलं नेहमीचं प्रसारण इंटरनेटवर सोडू लागलं. त्या दशकाच्या अखेरीस ‘शाउटकास्ट’ आणि ‘आइसकास्ट’ ही सॉफ्टवेअरं आली आणि घरच्या संगणकावरून केंद्र चालवणं कुणालाही शक्य झालं. मनोरा नको, लहरींचा परवाना नको. ज्याच्याकडे गाणी आणि ती ऐकवायची हौस, तो केंद्रप्रमुख!

## नाव सांगणारा माणूस

‘महल’ १९४९ साली आला. त्यातलं लताबाईंचं गाजलेलं गाणं तबकडीवर निघालं तेव्हा गायिका म्हणून नाव छापलं होतं ‘कामिनी’. ते पडद्यावरच्या पात्राचं नाव. लोक रेडिओ केंद्राला विचारू लागले, ही गाते कोण? मग खरं नाव रेडिओवरून सांगितलं गेलं. गाणं ऐकणारा प्रत्येक जण त्या आवाजाच्या प्रेमात होताच, पण त्या आवाजाला धरून पुढचं गाणं शोधायचं तर हातात नाव हवं होतं.

आजच्या गाणी-सेवांवर नावं असतात. पण अनेकदा गायकाचं नाव, चित्रपटाचं पोस्टर आणि वर्ष म्हणून भलतंच काही, कारण ते वर्ष संकलनाची सीडी निघाली त्याचं असतं. गीतकार कुठेतरी आत दडलेला. वादकांचा तर पत्ताच नाही. आकाशवाणीच्या निवेदकाची शिस्त वेगळी: चित्रपट, गायक, गीतकार, संगीतकार, आणि फर्माईश असेल तर पाठवणाऱ्यांची नावं. हा क्रम रोज ऐकून ऐकून साध्या घरांतल्या माणसांना राजेंद्र कृष्ण कोण आणि शांता शेळके कोण हे पाठ झालं. कुणी शिकवणी घेतली नव्हती.

२०२२च्या अखेरीस एका पाकिस्तानी मुलीचा लग्नातला नाच समाजमाध्यमांवर पसरला आणि त्यामागचं लताबाईंचं गाणं पुन्हा तरुणांच्या ओठी आलं. गाणं १९५४च्या ‘नागिन’मधलं, तेही रिमिक्स करून. मला त्यात वाईट काहीच दिसत नाही. सत्तर वर्षांमागच्या गाण्यावर आजची मुलं नाचतात, ही आनंदाचीच गोष्ट. पण रील तीस सेकंदांनी संपतो. हे संगीत हेमंतकुमारांचं आहे, याच चित्रपटातली सगळ्यांना ठाऊक असलेली पुंगी खरी पुंगी नसून कल्याणजींनी वाजवलेलं क्लॅव्हिओलिन आणि रवींचं हार्मोनियम आहे, आणि कल्याणजी व रवी हे दोघेही पुढे मोठे संगीतकार म्हणून ओळखले गेले, ही पुढची दारं उघडायला कुणीतरी बोलणारं लागतं. चांगला इंटरनेट रेडिओ तिथे उपयोगी पडतो.

म्हणूनच, नुसती गाणी एकामागून एक सोडणारं केंद्र माझ्या लेखी अर्धंच काम करतं. दिवसभर ‘सदाबहार’ नावाखाली तीच दोनशे गाणी फिरवणारी केंद्रं पुष्कळ आहेत. त्यांच्यामुळे गाजलेलं आणखी गाजतं, आणि विसरलेलं आणखी विसरलं जातं. २०१७मध्ये सारेगामानं आणलेल्या ‘कारवाँ’ या पेटीत पाच हजार गाणी भरलेली होती. ॲप उघडायला बिचकणाऱ्या ज्येष्ठांना तिनं खरा आनंद दिला, मराठी गाण्यांचीही आवृत्ती निघाली. मात्र त्या पेटीला आज गुरुवार आहे की दिवाळी हे कळत नाही. ग. दि. माडगूळकरांच्या जन्मदिवशी त्यांचं एखादं न गाजलेलं गीत काढून लावायचं, ते माणसालाच सुचतं.

## गीतरामायणाचे मूळ आवाज

रेडिओवरच्या गाण्याची स्मृती कशी घडते हे मराठीत नीट पाहायचं तर पुणे आकाशवाणीकडे जावं लागतं. १ एप्रिल १९५५, रामनवमी: गीतरामायण सुरू झालं. केंद्रावर सीताकांत लाड होते, शब्द माडगूळकरांचे, म्हणजे गदिमांचे, आणि चाली सुधीर फडके यांच्या, म्हणजे बाबूजींच्या. आठवड्याला एक गीत, वर्षभर. त्या वर्षी अधिक मास आला आणि बावन्नऐवजी छप्पन्न गीतं झाली. शेवट पुढच्या रामनवमीला, १९ एप्रिल १९५६ रोजी. आठवड्याचं गीत पुनःपुन्हा प्रसारित होई, लोक ते उतरवून घेत. मराठीतली ही एवढी मोठी रचना रेडिओसाठी आणि रेडिओच्या आठवड्यांच्या मापानं जन्मली.

पुढे तबकड्यांतून, कॅसेटमधून आणि जाहीर कार्यक्रमांतून घरोघरी पोहोचलं ते बाबूजींच्या एकट्याच्या आवाजातलं गीतरामायण. आज बहुतेकांना तेच ठाऊक आहे, आणि ते थोर आहेच. मूळ प्रसारणात मात्र पात्रागणिक आवाज होते: माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, राम फाटक, ललिता फडके, मालती पांडे आणि इतर. बाजारात जे विकलं गेलं त्यावरूनच स्मृती बनत गेली, आणि प्रसारणाचा तो अनेक कंठांचा पट मागे पडला.

मराठी भावगीताचा मोठा भाग असाच केंद्रांच्या ध्वनिमुद्रणांत आहे. मुंबई केंद्रावर यशवंत देव, श्रीनिवास खळे यांच्यासारखे संगीतकार सुगम संगीत घडवत होते. अरुण दाते नावाचा इंदूरचा तरुण मंगेश पाडगावकरांचा ‘शुक्रतारा’ सुधा मल्होत्रांबरोबर गायला, तो खळ्यांच्या चालीवर आणि आकाशवाणीच्याच वातावरणात. ‘भावसरगम’सारख्या कार्यक्रमासाठी महिन्यामहिन्याला नवी गीतं तयार होत. त्यातली थोडी तबकडीवर आली, बाकीची टेपवर राहिली. ज्या गाण्याची तबकडीच निघाली नाही, ते कुठल्याही गाणी-सेवेवर सापडणार नाही. ते केंद्रानं लावलं तरच ऐकू येईल. आकाशवाणीची प्रादेशिक केंद्रं इंटरनेटवर आली याचं महत्त्व मला म्हणून फार वाटतं: पुण्याच्या कपाटातली टेप पुण्यातून लागली, तर आता ती रत्नागिरीतही ऐकू येते आणि अमेरिकेतल्या राले इथेही.

## इथली सकाळ, तिथली रात्र

भारतात सकाळचे सात वाजतात तेव्हा न्यू जर्सीत उन्हाळ्यात आदल्या रात्रीचे साडेनऊ झालेले असतात. जेवणं आटोपून भांडी आवरायची वेळ. सिडनीत हिवाळ्यात तेव्हा साडेअकरा. विविध भारतीचं ‘छायागीत’ वर्षानुवर्षं रात्री दहाला लागत आलं. ते दुबईत साडेआठला, जेवणाच्या टेबलावर, आणि लंडनमध्ये उन्हाळ्यात संध्याकाळी साडेपाचला, मुलांना घेऊन घरी येताना गाडीत. निजायच्या वेळेचं गाणं कुणाच्या गाडीत, पहाटेचं कुणाच्या स्वयंपाकघरात. परदेशी वाढणाऱ्या मुलाला जुनं मराठी वा हिंदी गाणं ‘वारसा’ म्हणून समोर बसवून ऐकवलं, तर ते कंटाळतं. भांड्यांच्या आवाजात पाठीमागून येत राहिलं, तर पंधराव्या वर्षी त्याला अख्खा अंतरा येतो.

शिवाय हे ऐकणं एकट्याचं नसतं. जामनेरची आजी आणि दुबईचा नातू काही सेकंदांच्या फरकानं एकच गाणं ऐकतात आणि त्यावर फोनवर बोलतात. एकेकाळी बिहारमधल्या, आताच्या झारखंडमधल्या, झुमरीतलैया या गावातून इतक्या फर्माइशी येत, की ते गाव गाण्यांमुळे देशभर माहीत झालं. आता फर्माईश ईमेलनंही जाते. हवेतून आपलं नाव ऐकण्याचं अप्रूप मात्र तसंच आहे, आणि बारा वर्षांच्या मुलाच्या नावानं १९६०चं गाणं लागलं, की ते गाणं त्याचं होतं.

२०१६च्या डिसेंबरात नेदरलँड्समध्ये ‘रेडिओ गार्डन’ सुरू झालं. पडद्यावर पृथ्वीचा गोल, त्यावर हिरवे ठिपके, ठिपक्यावर थांबलं की त्या गावचं केंद्र लागतं. मुलांना रेडिओची गोडी लावायला याहून चांगलं साधन मला माहीत नाही.

## हक्काचं कोडं

एवढं सगळं शक्य असताना मराठी जुन्या गाण्यांची चोख इंटरनेट केंद्रं मोजकीच का? मोठं कारण कायद्यात आहे.

एका गाण्यात किमान तीन हक्क असतात: शब्दांचा, चालीचा आणि ध्वनिमुद्रणाचा. भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतरच्या वर्षापासून साठ वर्षं टिकतो. १९५५ साली निघालेल्या तबकडीचा तो २०१५च्या अखेरीस संपला. शब्द आणि चाल यांचा हक्क मात्र कर्त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षं राहतो. गदिमा १९७७मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या शब्दांवरचा हक्क २०३७च्या अखेरपर्यंत. बाबूजी २००२मध्ये गेले, त्यांच्या चालींवरचा २०६२पर्यंत. जुनी तबकडी ‘मोकळी’ झाली, म्हणून गाणं मोकळं झालं असं होत नाही.

२०१२च्या दुरुस्तीनं कॉपीराइट कायद्यात ‘३१ ड’ हे कलम आलं. प्रसारकानं आगाऊ सूचना द्यायची, ठरलेल्या दरानं स्वामित्वशुल्क भरायचं आणि गाणं लावायचं. प्रत्येक कंपनीची संमती मागत फिरायला नको. हे कलम इंटरनेटला लागू आहे का, हा वाद ‘टिप्स’ ही संगीत कंपनी आणि ‘विंक’ ही गाणी-सेवा यांच्या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयात गेला. २०१९मध्ये एकल न्यायाधीशांनी नाही असा निकाल दिला, २०२२मध्ये खंडपीठानं तो कायम केला. कलाकारांना आणि कंपन्यांना योग्य मोबदला मिळालाच पाहिजे, यात दुमत नाही. पण परिणाम असा, की एफएमवाल्याला जो सोपा रस्ता आहे तो नागपुरात बसून फक्त भावगीतांचं केंद्र चालवू पाहणाऱ्या माणसाला नाही. त्याला एकेका कंपनीच्या दारात जावं लागतं, आणि कंपनीच्या दृष्टीनं तो इतका लहान असतो, की बोलणीच सुरू होत नाहीत. अव्यावसायिक, जुन्या गाण्यांपुरत्या केंद्रांसाठी परवडणारा सरसकट परवाना असावा, असं मला ठामपणे वाटतं.

परदेशातही कोडं सुटलेलं नाही, फक्त वेगळं आहे. अमेरिकेतल्या सरसकट परवान्यात इंटरनेट केंद्राला तीन तासांत एका कलाकाराची चारपेक्षा जास्त गाणी लावता येत नाहीत. लताबाईंच्या पुण्यतिथीला, ६ फेब्रुवारीला, सलग दोन तास त्यांचीच गाणी लावायची तर वेगळी परवानगी हवी. ब्रिटनमध्ये ‘रेडिओ गार्डन’ला हक्कांच्या कारणावरून परदेशी केंद्रं बंद करावी लागली; तिथल्या श्रोत्याला केंद्राच्या स्वतःच्या ॲपकडेच जावं लागतं.

## तबकडीपासून फाइलपर्यंत

लाखेची तबकडी मिनिटाला ७८ फेऱ्या घेई आणि एका बाजूला साधारण सव्वातीन मिनिटं मावत. त्या काळची गाणी तेवढीच का, याचं उत्तर तिथे आहे. काही चित्रपटगीतांचा एखादा अंतरा पडद्यावर आहे आणि तबकडीवर नाही, तोही त्यामुळेच. या तबकडीच्या खाचा नंतरच्या एलपीपेक्षा कितीतरी रुंद. तिला एलपीची बारीक सुई लावली तर ती खाचेच्या तळाशी घासते आणि खरखर वाढते. शिवाय फार जुनी ध्वनिमुद्रणं नेमक्या ७८च्या वेगानं झालेली नसत. वेग चुकला की गायकाची पट्टीच बदलते, आणि बालगंधर्वांच्या काळातला एखादा गळा उगाच चिरका वाटू लागतो.

मग खरखर काढण्याचा मोह होतो. संगणकावर ती सहज निघते, आणि तिच्याबरोबर तंबोऱ्याची आस, ‘स’-‘श’ची धार, श्वासही निघून जातो. मला थोडी खरखर चालते. घासून गुळगुळीत केलेला आवाज चालत नाही.

हे काम जाणकार संग्राहकांनी फार निष्ठेनं केलं आहे. मुंबईत १९९० साली स्थापन झालेल्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’नं ‘द रेकॉर्ड न्यूज’ हे नियतकालिक चालवलं, तबकड्यांवरचे क्रमांक, गायक, वर्षं यांच्या याद्या जुळवल्या. इंटरनेट केंद्राचा निवेदक अचूक नाव सांगू शकतो तो अशा याद्यांच्या बळावर. शब्दांच्या बाबतीत ‘आठवणीतली गाणी’ या संकेतस्थळानं हजारो मराठी गीतांना कवी, संगीतकार आणि गायक यांची नावं जोडून ठेवली आहेत. रेडिओ ऐकताना ते शेजारी उघडं असलं, की ऐकण्याला खोली येते.

## ऐकायला लागताना

विविध भारतीपासून सुरुवात करावी. मग आपल्या गावच्या, किंवा आपण जिथून आलो त्या गावच्या आकाशवाणी केंद्राकडे वळावं. प्रादेशिक केंद्रावर सुगम संगीत, नाट्यसंगीत, लोकसंगीत अशा वेळा वाटलेल्या असतात. त्यातली एक धरून महिनाभर तिथेच राहावं. रोज केंद्र बदललं तर निवेदकाची ओळख होत नाही, आणि ओळखीच्या निवेदकानं लावलेलं अनोळखी गाणं आपण जास्त मोकळ्या मनानं ऐकतो.

आवाजासाठी फार खर्च नको. घरातला एखादा जुना स्मार्टफोन आणि ब्लूटूथ स्पीकर स्वयंपाकघरात कायमचा ठेवावा, ॲप उघडं ठेवावं. वडीलधाऱ्यांना फोन हाताळायला लागू नये, बटण दाबलं की गाणं लागावं, एवढी सोय केली की पुरे. इअरफोन टाळावेत, कानात अडकलेला रेडिओ घरातल्या दुसऱ्या कुणाच्या कानी जात नाही.

आणि फर्माईश पाठवावी. पाठवताना गीतकार आणि संगीतकार यांची नावं शोधून लिहावीत, गाजलेल्या गाण्याऐवजी त्याच तबकडीच्या दुसऱ्या बाजूचं गाणं मागावं. केंद्राकडे ते असेल तर निवेदक ते काढतो. एखादं नाव चुकीचं सांगितलं गेलं, तर तेही कळवावं, तबकडीच्या क्रमांकासह. दुरुस्ती पुढच्या कार्यक्रमात होते, आणि तिथून ती ऐकणाऱ्यांच्या वह्यांमध्ये जाते.